पहिली आंघोळ, एक तास मागे

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आमच्या लालबागच्या घरात पाणी नव्हतं, आणि ते मीच घालवलं.

आदल्या संध्याकाळी लंडनहून लेकीचा, शैलाचा फोन. "आई, हिवाळा लागला, आज रात्री घड्याळ एक तास मागे करायचं. सरकारच करतं."

मी चौथी शिकलेली. नोटा एका रात्रीत बंद झालेल्या बघितल्यात, मग घड्याळाचं काय नवल! स्टुलावर चढले न् भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मागे केला. (कुणाला विचारलं नाही. चाळीस वर्षं या घराला मीच उठवते!)

साडेचारला उठले. बाहेर फटाके धडाधड! म्हटलं, मेल्यांना दम नाही. मुलगा विलास, सून रेश्मा, नात, सगळ्यांना तेल-उटणं चोपडलं. पाचला पाणी येतं म्हणून नळ सोडला. फुस्स्!

"दिवाळीलासुद्धा पाणी लेट!" मी करवादले. पिंपं तर आदल्या दिवशीच घासून पालथी घातलेली.

पाऊण तास सगळे पाटावर, तेलात तळायला घेतल्यासारखे. आणि गॅलरीत ऊन आलं!

"आई, पावणेसहाला ऊन?" रेश्मानं मोबाइल उचलला. (आंघोळीआधी मोबाइल नाही, हा नियमही माझाच.) "अहो, पावणेसात वाजलेत! पाणी येऊन गेलं!"

विलास उटण्यासकट उभा राहिला. "घड्याळ कोणी मागे केलं?"

"सरकारनं."

"कुठल्या?"

"...शैलाच्या."

ज्या मिलवर घर चालायचं ती बंद पडली तेव्हा मी रडले नव्हते. त्या दिवशी नळासमोर रडू आलं. विलास टॉवेलावर, बादली घेऊन दारोदार. शेजारची मालू म्हणते, "काय रे, दिवाळी मागायला आलास?" दिली अर्धी बादली. चार माणसं त्यात! माझ्या वाट्याला दीड तांब्या. उटणं गुरुवारपर्यंत निघत होतं.

वर विलास विचारतो, "आई, सूर्य उगवल्यावर न्हाणारा नरकात जातो ना? तूच सांगायचीस."

मी पिंपं सुलटी करायला घेतली.

दुपारी शैलाचा फोन. "आई, पहिली आंघोळ वेळेत झाली ना?"

"आम्ही न्हायलो तेव्हा तुझ्याकडे काय होतं गो?"

"मध्यरात्र. मिट्ट काळोख."

"मग झाली हो वेळेत!" मी विलासला ऐकू जाईल असं ओरडले. "सरकारी टायमानं!"