मयताचं पानी

सोमल्याचा उजवा हात आता पुरा उघडत नाई. बोटं आकडली हायेत. तरी गावात पानी सोडते तो सोमलाच, आन ज्याले हे पटत नसन त्यानं माह्या तोंडासमोर येऊन बोलावं. मी सीताबाई. खालच्या वेटाळाची ग्रामपंचायत मेंबर. वेटाळाले तुमी आळी म्हना, गल्ली म्हना. वांगे, मिरच्या, सांभाराच्या म्हंजे कोथिंबिरीच्या जुड्या केनवडच्या बाजारात इकून माहं तोंड तयार झालं हाये. ते गोड होनार नाई.

लोकाले वाटते पंचायत म्हंजे झेंडा, हार, फोटो. अव बाप्पा, पंचायत म्हंजे पानी! उन्हाळ्यात टाकीत चढते इतकुसं, आन ते वरच्या आन खालच्या वेटाळाले पाळीनं सोडा लागते. पाळीच्या दिवशी नळावर मारामारी झाली नाई असं म्या तं पाह्यलं नाई. आंधी गुंडावर गुंड, म्हंजे हंड्यावर हंडा आदळते, मंग बाया एकमेकीच्या झिंज्या धरतेत, मंग घरातून मानसं काठ्या घेऊन निघतेत. एका साली नळावरून एका बाईचा कान फाटला. बाळीसकट.

ह्या सगळ्याच्या मधात उभा राहे सोमला. तांड्यावरचा बंजारा गडी, पंचायतीचा वॉलमन. त्याच्या हातात वॉलची चावी. चावी म्हंजे कुलपाची नोय. कमरेएवढा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. पंचायतीच्या ओट्याखालीच वॉलचा खड्डा हाये, त्याच्यावर फरशी. फरशी सरकवायची, चावी अंदर घालायची, फिरवायची. एका बाजूले फिरवली तं पानी वर, दुसरीकडं फिरवली तं खाली.

सोमलाही काई गरीब गाय नोता. नळाले मोटर लावलेली दिसली का तो पाइपच इळ्यानं कापे. एका जनानं मागून त्याच्या पाठीत दगड घातला, तं यानं तोच दगड उचलून त्याच्या मोटरीवर हानला. शिव्या तं दोन भाषेतून दे. पन पाळीच्या दिवशी तो कोनाच्या घरचा चाही पेत नोता. मी बलावलं तं म्हने, "नाई काकू. आज चा पेलो का उद्या लोकं म्हनतीन सोमल्यानं पानी इकलं." त्याची बायको मंजू हासे. म्हने, "माह्या नवऱ्याजवळ इस्टेट तेवढीच हाये, त्याचं नाव."

आता मयताच्या पान्याची गोठ सांगा लागते, नाईतर पुढचं समजनार नाई.

वरच्या वेटाळात रंगराव काकाजी होते. माळव्याचा, भाजीपाल्याचा मळा होता त्यायचा, माह्यावानीच. ते सरपंच असताना भर उन्हाळ्यात त्यायची बायको गेली. घरात पानी नाई. काकाजी त्या वक्ताच्या वॉलमनकडं गेले तं तो मेला इचारते, "कोन गेलं? बुढी का? मंग संध्याकाळपर्यंत थांबा ना." सरपंचाच्या बायकोले ओल्या फडक्यानं पुसून नेलं हो! काकाजीनं पुढच्या ग्रामसभेत ठराव घेतला. ज्या वेटाळात मयत होईन त्या वेटाळाले पाळी नसली तरी पानी. घरच्या मानसानं वॉलवर यावं आन म्हनावं, "आमच्या घरी मयत झालं, पानी सोड." बस. कोन गेलं, कसं गेलं, वॉलमननं इचारायचं नाई. मेल्या मानसाचा पंचनामा खड्ड्यापाशी होनार नाई, असं काकाजी म्हनले होते.

तवापासून गावात शंभर भांडनं झाली, पन मयताच्या पान्यावरून कधी कोनी तोंड उघडलं नाई. आन खोटं कोन बोलनार? घरातल्या जित्त्या मानसाले कोन मारनार जिभेनं?

मारलं. काकाजीच्याच पोरानं मारलं.

धीरज त्याचं नाव. एकुलता एक. त्याच्या नव्या घराचं काम चालू होतं. बोर आटलेली, टँकरवाला आज येतो उद्या येतो करे, आन इकडं स्लॅब टाकून झालेला. चैताचं ऊन. स्लॅबले पानी नाई तं तडे जातेत. त्या दिवशी पाळी आमची, खालच्या वेटाळाची. आमी बाया गुंड लावून बसलो होतो, धार नुकतीच लागली होती. हा धीरज मोटरसायकलवरून आला, खांद्यावर दुपट्टा, उघडं डोकं. सोमल्यापाशी उभा राह्यला, मान खाली घातली आन म्हनला, "आमच्या घरी मयत झालं. पानी सोड."

सोमल्यानं इचारलं नाई. डोक्याचं फडकं काढलं, चावी फिरवली. आमची धार तुटली. सोमला नळावर येऊन बोलला, "बायाहो, वर मयत झालं." आमी गुंड उचलले. एकीनंही कुरकुर केली नाई.

मले वाटलं काकाजीच गेले असतीन. रडूच आलं. बाजारात त्यायचं दुकान माह्या दुकानापाशी राहे. म्या जुनं लुगडं नेसलं आन बसाले गेली. जाऊन पाह्यलं तं काय, काकाजी खाटेवर बसून वांगे निवडून राह्यले! किडके इकडं, चांगले तिकडं. आन वर स्लॅबवर मजूर पाइप धरून पानी मारून राह्यला.

"काकाजी," म्या म्हनलं, "तुमी जित्ते हा?"

"मंग का मेलो का?" बुढा हासला. "काहून व सीता, रडून राह्यली काहून?"

म्या सांगतलं. बुढ्याचा हात वांग्यातच राह्यला. चेहरा असा उतरला का मले पाहवेना. मी तशीच खाली आली आन ओरडली, "अरे, मयत नाई न काई नाई! धीरजचा स्लॅब पानी पेऊन राह्यला!"

आता तुमीच सांगा, मारायचं तं कोनाले? धीरजले ना? पन धीरजच्या मागं वरचं सारं वेटाळ, चार भाऊबंद, ओळखीपाळखी. सोमल्याच्या मागं कोन? माहा सख्खा पुतन्या मुन्ना पाच-सहा पोट्टे घेऊन वॉलवर गेला. "काबे सोमल्या, किती खाल्ले? आमचं पानी कितीले इकलं?"

"त्यानं मयत सांगतलं," सोमला म्हनला. "म्या इचारत नाई."

पयली लाथ पोटात बसली. सोमला उठला, त्यानं मुन्नाच्या थोबाडीत अशी देली का मुन्नाचं तोंड रक्तानं भरलं. मंग काय, कुत्रे तुटून पडतेत तसे पोट्टे पडले. एकानं त्याच्याच हातातली चावी हिसकली. पाठीत, बरगडीत, गुडघ्यावर, जिथं लागन तिथं. मी मधात घुसली. "अबे मुन्न्या, सोड! मरन ना तो!" कोनाची तरी काठी माह्या कपाळावर बसली, डोळ्यात रक्त आलं, दिसनं बंद झालं. दिसलं तवा दोघायनं सोमल्याचा हात फरशीवर दाबून धरला होता आन मुन्ना चावी वर उचलून म्हने, "ह्याच हातानं फिरवली ना?"

तो आवाज अजून माह्या कानात हाये. वाळल्या काटकीवानी नाई मोडत हाड. ओलं मोडते. सोमला ओरडलाही नाई, त्याचा श्वासच गेला. आन धीरज? त्याच्या स्लॅबवरून वॉल साफ दिसते, तिथं उभा राहून पाहून राह्यला होता. वरून एक हाक मारली असती तं हात वाचला असता. नाई मारली.

वाशीमले दवाखान्यात हातात सळया टाकल्या. घरी आल्यावर गावातले मोठे लोकं तांड्यावर गेले, मीही गेली. पोलिसात जाऊ नको, गावात मिटवू, दवाखान्याचं पाहू. मंजू कोयताच घेऊन उभी राह्यली. "मिटवता का? या, तुमचाही हात ठेवा इथं, मंग मिटवू!" सोमल्यानं तिले गप केलं. मले म्हनला, "काकू, हात गेला तं गेला. पन सोमल्यानं पानी इकलं, हे नाव मले घेऊन जगता येत नाई. ग्रामसभेत धीरजनं फक्त इतकं म्हनावं का तो आलता. मले दुसरं काई नाई पायजे."

ग्रामसभा भरली. ग्रामसेवकानं इषय वाचला, सोमल्याले कामावरून काढायचा. हो, त्यालेच! सरपंच तनुजाबाई खुर्चीत अंग चोरून बसलेली. ओट्यासमोर सारं गाव, अर्ध्यायच्या हातात काठ्या. सोमला गळ्यात हात बांधून उभा राह्यला. "धीरज भाऊ आलता. मयत झालं म्हनला. इचारा त्याले."

धीरज उठून ओट्यावर आला. माह्याकडं पाह्यलं नाई, सोमल्याकडं पाह्यलं नाई. "मी आलोच नाई. स्लॅबले टँकरचं पानी होतं. यानं कोनाकडून पैसे घेतले ते यालेच ठाव."

"खोटं!" म्या ओरडली. "तुह्या बापाले इचार, भाड्या! म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं!"

"बापाची तब्येत बरी नाई," धीरज म्हनला.

तेवढ्यात गर्दी फाटली. काकाजी आले. पोरानं बाहेरून कडी लावली होती. बुढ्यानं मागच्या दाराची फळी काढली होती म्हने. हात सोललेले. काठी टेकत ओट्यावर चढले आन पोराच्या बाजूले उभे राह्यले.

"मयत मी हावो," काकाजी बोलले. "त्या दिवशी मीच मेलो होतो. माह्या पोरानं मले मारलं, स्लॅबसाठी. सोमल्याले इचारायचा हक नोता, तो ठराव माहा हाये. त्याचा हात माह्या ठरावानं मोडला."

"बाबा, घरी चाला," धीरज दात खाऊन बोलला.

"कोनत्या घरी? मेलेल्या मानसाले घर नसते."

धीरजनं बुढ्याचं बखोट धरलं. बुढ्यानं हात झटकला आन साऱ्या गावासमोर पोराच्या कानाखाली ठेवून देली. धीरजनं त्याले छातीवर दोन्ही हातानं ढकललं. मारायचं असन त्याच्या मनात असं मी म्हनत नाई. पन बुढा मागं गेला, पाय ओट्याच्या काठावरून सुटला, आन टाळू वॉलच्या फरशीच्या कोपऱ्यावर आदळली. एक पाय दोनदा हालला. मंग हालला नाई.

आन मंग काय सांगू तुमाले! खालचं वेटाळ धीरजवर पडलं आन वरचं वेटाळ खालच्यावर. खुर्च्या, काठ्या, चपला, दगड. ग्रामसेवक टेबलाखाली. मुन्नानं धीरजचं डोकं ओट्यावर आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आपटलं असतं तं तिथंच दुसरं मयत झालं असतं. सोमल्यानं डाव्या हातानं चावी उचलली आन फरशीवर अशी हानली का साऱ्यायचे कान बसले.

"अबे, मयत हाये इथं!" तो ओरडला. "मयतासमोर भांडता का?"

काठ्या खाली गेल्या. कोनीतरी काकाजीच्या तोंडावर दुपट्टा टाकला.

रिसोडहून पोलीस आले. धीरजले नेलं, मुन्नाले नेलं, मयत चिरफाडीले नेलं. या खेपेले म्या सारं लिवून देलं, हाताचंही आन काकाजीचंही. पुतन्या असला म्हनून काय झालं. दुसऱ्या दिवशी मयत घरी आलं. अग्नी द्यायले पोरगा एकच, म्हनून पोलिसायनं धीरजले जीपमधून आनलं. पन आंघोळीले पानी नोतं. त्याचे भाऊबंद वॉलवर आले, "सोमला, पानी सोड."

"घरच्या मानसानं सांगा लागते," सोमला म्हनला. "ठराव हाये."

"अरे, तुले काय दिसत नाई का?"

"मले काई दिसत नाई. घरच्यानं यावं."

आनला धीरजले. डोक्याले पट्टी, मनगट शिपायाच्या हातात. दोन्ही वेटाळं उभी होती. फरशीवरचा डाग तसाच होता, कोनी धुतला नोता. पानीच कुठं होतं? धीरज त्या डागाकडं पाहून राह्यला.

"आमच्या घरी," तो बोलला आन थांबला. मंग एकदम बोलून गेला, "आमच्या घरी मयत झालं. पानी सोड, सोमला भाऊ."

"त्या दिवशीही असंच म्हनला होता ना?"

धीरजनं मान हालवली.

"मान नको हालवू. गावाले ऐकू जाऊ दे."

"हाव," धीरज ओरडला, रडत ओरडला. "असंच म्हनलो होतो! मीच आलतो! यानं काई इकलं नाई!"

मंजूनं फरशी सरकवली. सोमल्यानं चावी अंदर घातली, पन डाव्या हातानं ती फिरे ना. मंजूनं मुठीचं दुसरं टोक धरलं, तवा फिरली. धीरज खड्ड्यापाशी खाली बसला होता, म्हने, "माह्या बापाले म्या..."

"कोन गेलं, कसं गेलं, ते म्या इचारलं का?" सोमला म्हनला. "त्या दिवशीही नाई इचारलं. जा, बापाले आंघोळ घाल."