मामांचा इटालियन दिवा

माझ्या बायकोच्या मामांइतका दिव्यात जीव गुंतलेला माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडायचा नाही. श्रूजबरीत त्यांच्या शेजारच्या घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं. मामा तिथे कुंड्या आणायला गेले आणि दिवा घेऊन आले. खाली संगमरवराचा ठोकळा, त्यातून निघून टेबलापर्यंत वाकत गेलेला लांबलचक पोलादी दांडा आणि टोकाला चकचकीत टोपी. दिवा जुन्या काळचा, इटलीत घडलेला आहे हे कळल्यापासून मामा त्याच्या डिझायनरबद्दल आत्येभावाबद्दल बोलावं तसं बोलू लागले. "ठोकळा बघ किती लांब ठेवलाय. मागून माणूस ताट घेऊन आरामात जातो. आमच्या इटालियनाला पंगत ठाऊक होती!" हे सिद्ध करायला त्यांनी गणपतीत दिव्याखाली पंगत बसवली आणि स्वतः वरण वाढायला निघाले. दुसऱ्या फेरीत टोपीवर डोकं आपटलं. मामांनी आधी टोपी चाचपली, मग टाळू. दसऱ्याला आम्ही गाड्यांची पूजा केली, मामांनी दिव्याची. ओल्या हळदीचा डाग संगमरवरात असा मुरला की काही केल्या निघेना. मला वाटलं, आता मामा अन्नपाणी सोडणार. ते म्हणाले, "असू दे. आता हा आपल्यातला झाला."

यंदा गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि दूर नोव्हाय गावी राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं त्यांना कायमचं आपल्याकडे बोलावलं. मामांची अट एकच, दिवा येईल तर मी येईन. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, बी रीझनेबल. माझी लिव्हिंग रूम एवढीशी आहे." जाणं टळलं म्हणून मामा लगेच आमच्याकडे श्रीखंड घेऊन आले. आम्हीही ते जरा जास्तच आनंदानं खाल्लं.

पण पोरगी बापावर गेलेली. पुढच्या शनिवारी व्हॅन घेऊन हजर झाली, टेपनं दिवा मोजला आणि म्हणाली, "फाइन. मी माझा काउच देऊन टाकते." मामा उठले आणि झाडू आणायला गेले.

ठोकळ्याला आरपार एक भोक आहे. त्यात झाडूचा दांडा घालून दोघांनी उचलायचं, हीसुद्धा त्या इटालियनाचीच युक्ती. एक टोक तिनं धरलं, दुसरं मी. मामा पुढे उलट्या पावलांनी चालत "सावकाश यार, सावकाश" म्हणत होते. मी फारच सावकाश चाललो. आमच्या मामांना मी स्वतःच्या हातांनी गावाबाहेर नेऊन ठेवत होतो, आणि तिनं तो काउच ठेवायला हवा होता असं मला अजूनही वाटतं.