सोमवारच्या रांगेत मी नव्हतो

हे मी बायकोलाही बोललो नाही. ती गेली, तेव्हाही नाही. मुलाला तर नाहीच — तो मला आधीच हेकट म्हातारा म्हणतो. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. वाचून तुमचं माझ्याबद्दल मत वाईट झालं तर होऊ द्या. मला काय तुमच्याकडे पोरगी द्यायची आहे?

मी कोथरूडच्या एका शाळेत शिपाई होतो. राहायला धायरीला, शिक्षण चौथी, तीही मास्तरांनी ढकलली म्हणून. पण शाळा माझ्या टोलावर चालायची. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांचासुद्धा तास मी टोल दिल्याशिवाय संपत नव्हता. सगळे मला मामा म्हणायचे. आणि करोना आला तेव्हा हेच सगळे मला शिकवायला लागले. मामा, हात असे धुवा. मामा, इथे उभे राहा. ऑफिसातला क्लार्क तर आमच्याच शाळेत शिकलेला — त्याचा शेंबूड मी पुसलाय. तो मला शिस्त शिकवणार?

शाळा पुन्हा उघडायची ठरली तसा नियम आला. कर्मचाऱ्यांनी लस घ्यायची. ज्यांची राहिली आहे त्यांनी दर सोमवारी तपासणी करून घ्यायची.

मी लस घेतली नाही. भीती नव्हती. एकदा बाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "मामा, तुमचं अजून राहिलंय ना? लहान मुलासारखं काय करताय?" आणि शिक्षक हसले. बस. तेव्हाच ठरवलं, आता तर नाहीच घेत.

आणि तपासणी? तिला नाही म्हणायची वेळच आली नाही. हॉलच्या दारात उभं राहून एकेकाला आत सोडायचं काम माझंच होतं. लांब लांब उभं करायचं, बसच्या ड्रायव्हरांना मास्क वर घ्यायला लावायचं, शेवटी तपासणीवाल्या पोरांना चहा द्यायचा. रांग लावणाऱ्याला रांगेत कोण धरतं? पोरांना वाटायचं माझं आधी झालं असेल, बाईंना वाटायचं झालंच असेल. रिपोर्ट खराब आला तरच फोन यायचा, आणि मला कधी आला नाही. एकाही सोमवारी माझ्या नाकात काडी गेली नाही. मला याची मजा वाटायची — खोटं कशाला बोलू?

आता हिराबाई. इतका वेळ इकडचं तिकडचं सांगतोय ते तिचं नाव काढायला नको म्हणून.

हिराबाई झाडलोट करणारी मावशी. कंत्राटावरची, म्हणजे शाळेची नव्हेच. उद्या नको म्हटलं की घरी. नवऱ्याचं काम सुटलेलं, घर तिच्या पगारावर. तिचा लसीचा एक डोस झाला होता, दुसरा बाकी होता, म्हणून दर सोमवारी रांगेत पहिली. मास्क इतका जपायची की चहा प्यायचा तर भिंतीकडे तोंड करायची. डबासुद्धा एकेकट्याने खायचा असा नियम होता. मीच म्हणालो, "नियम गेला खड्ड्यात. जेवताना काय भिंतीशी बोलू?" माझ्या शब्दाखातर ती जिन्याखालच्या खोलीत माझ्यासमोर बसायला लागली.

एका मंगळवारी शिक्षकांचा चहा केला. न्यायच्या आधी घोटभर चाखायची माझी सवय. नुसतं गरम पाणी लागलं. साखर घातली. तरी गरम पाणी. आणखी घातली. आत एक सर म्हणाले, "मामा, चहा आहे का बासुंदी?" सगळे हसले. मी हसलो नाही. शेजारच्याच्या तोंडाची चव गेलेली मी पाहिली होती, पुढचंही पाहिलं होतं.

तिथून घरी जायला हवं होतं. पण जाऊन बाईंना काय सांगू — मला तपासा? म्हणजे आजवर कधीच तपासलं नाही, हे स्वतःच्या तोंडाने सांगू? त्या शिक्षकांपुढे?

दुपारी हिराबाईने मेथीची भाजी माझ्या डब्यात वाढली. "बघा बरं मामा, मीठ जास्त झालंय का?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. मला मीठही लागत नव्हतं आणि मेथीही. मास्क खाली, समोरासमोर, अख्खी भाकरी संपवून उठलो. दुसऱ्या दिवशीही तसंच. अंग ठणकत होतं, गोळ्या घेत होतो — आणि रोज तिच्यासमोर जेवत होतो.

पुढच्या सोमवारच्या तपासणीत हिराबाई सापडली. पालक ओरडायला लागले. बाईंनी मला बोलावलं.

"मामा, तुम्ही त्यांच्याबरोबर असता. तुमची तपासणी झाली ना?"

"झाली की. मला काही नाही."

"मग हे आलं कुठून?"

इथे गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. कोणी माझा गळा धरला नव्हता. मी म्हणालो, "बाई, ती वस्तीत राहते. मास्क खाली करून हिंडते. मी किती वेळा सांगितलं."

तिचं काम गेलं. बरी होऊन ती शाळेत आली तेव्हा फाटकावर मीच होतो. आत सोडायचं नाही असं सांगितलंय, म्हणालो. फाटक उघडलं नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा शाल दिली, नारळ दिला. बाई माईकवर म्हणाल्या, मामांनी करोनातसुद्धा एक खाडा केला नाही. टाळ्या झाल्या. मी त्या घेतल्या.

परवा मंडईत गेलो होतो. बाहेरच्या बाजूला हिराबाई कोथिंबीर घेऊन बसलेली. मी वळणार, तोवर ती उठून उभी राहिली.

"मामा, बरे आहात ना? एक मनात राहून गेलंय बघा. तुम्ही माझ्याबरोबर जेवायचा. जेवण सोडलं तर मास्क मी कधी काढला नाही हो, पण कुठून आणलं काय माहीत. तुम्हाला काही झालं असतं तर? माफ करा मला."

सांगायला किती वेळ लागला असता? आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. बाई नव्हत्या, शिक्षक नव्हते.

मी म्हणालो, "जाऊ द्या. मी मनात ठेवलेलं नाही."

तिने हात जोडले. एक जुडी माझ्या पिशवीत टाकली, पैसे घेईना. मी ती घरी आणली, निवडली आणि आमटीत घातली.