पहिल्या नावापासून

बिभीषणचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. म्हणून म्हटलं, एकदा त्याच्याबद्दल मीच सांगतो. दुसरं कुणी सांगितलं की त्यात मी नसतो.

आमचं गाव केजपासून जीपनं अर्ध्या तासावर. माझं नाव सुंदर. माझे वडील मोहनराव, गावातले मोठे बागायतदार. बिभीषण हा गावाबाहेरच्या मेंढपाळांच्या वस्तीवरचा, धुळाजीचा मुलगा. शाळेत आम्ही एका बाकावर होतो आणि पुढं केजला एकाच कॉम्प्युटर क्लासला जायला लागलो. जीपमध्ये मी ड्रायव्हरशेजारी ऐसपैस बसायचो, तो मागं लोंबकळत यायचा. तरी उतरल्यावर चहाटपरीवाला "बिभीषणराव, आज उशीर?" असं त्यालाच विचारायचा. उंचीला माझ्या खांद्याएवढा, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, खिशात कायम कंगवा. पण हसला की समोरचा माणूस आपलं काम टाकून त्याचं करायला लागायचा. यात काय जादू होती ते मला अजून उमगलेलं नाही, आणि उमगलं तरी पटणार नाही.

कॉम्प्युटर होता आमच्या घरी. सरावाला यायचा तो. आई, म्हणजे वत्सलाबाई, चहाचा पहिला कप त्याच्यापुढं ठेवायची आणि मला म्हणायची, "बघ जरा सुंदर, कसं मन लावून करतंय लेकरू." लेकरू मन लावून पत्त्यांचा गेम खेळत असायचं.

क्लासला शिवकन्या मॅडम सी लँग्वेज शिकवायच्या. दोन हजार तेराचा दुष्काळ होता. मांजरा नदीच्या कोरड्या पात्रात मुलं क्रिकेट खेळत होती आणि मॅडम आम्हाला प्रवाह शिकवत होत्या. त्या म्हणाल्या, "एफ-ओपन लिहिलं की फाईल उघडते आणि तिच्यातून अक्षरांचा प्रवाह सुरू होतो. वाचायला उघडली की तो कायम पहिल्या अक्षरापासून सुरू होणार. पोथी वाचताना आपण जिथं थांबतो तिथं खूण ठेवतो ना? या पोथीत खूण राहत नाही. ती आपणच वेगळी जपून ठेवायची."

मी ते शब्दन्‌शब्द वहीत उतरवून घेतलं. बिभीषणनं हात वर केला, "मॅडम, प्रवाह आटला तर टँकर लावता येतो का?" सगळा क्लास खदखदून हसला, मॅडमसुद्धा. वही भरणाऱ्याकडं कोण बघतंय!

त्याच उन्हाळ्यात आमच्या दूध सोसायटीनं चारा डेपो उघडला. लांबून उसाचे ट्रक यायचे आणि सभासदांना एकेक मोळी मिळायची. पण वाटणारे तोंड बघून वाटतात अशी ओरड झाली. तेव्हा चेअरमन विठ्ठलरावांनी जाहीर केलं की आता नावं कॉम्प्युटर काढील, आणि जो कुणी कॉम्प्युटर नीट चालवील त्याला सोसायटीत कायमचं घेऊ. ऑफिसात एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर एक गोल फिरणारी खुर्ची. ती खुर्ची मला हवी होती. इतकी हवी होती की रिकाम्या ऑफिसात मी तिच्यात एकदा बसूनही आलो होतो.

विठ्ठलरावांनी ती बिभीषणला दिली. कारण काय, तर "पोरगं माईकवर चांगलं बोलतंय."

त्यानं प्रोग्राम लिहिला. सोसायटीत जो ज्या क्रमानं सभासद झाला त्या क्रमानं नावांची फाईल. पहिले विठ्ठलराव, तिसरे माझे वडील, मग सगळं गाव, आणि शेवटी वस्ती, कारण वस्तीला सोसायटीनं सगळ्यांच्या शेवटी सभासद करून घेतलं होतं. ट्रक आला की किती मोळ्या आल्या तो आकडा टाकायचा, तेवढ्या नावांच्या चिठ्ठ्या प्रिंटरमधून करकरत बाहेर पडायच्या आणि बिभीषण माईकवर एकेक नाव पुकारायचा. तेही साधं नव्हे. "सरस्वतीबाई, या, तुमची तांबडी गाय वाट बघतीय!" लोक खूश. "कॉम्प्युटर तोंड बघत न्हाई," असं जो तो म्हणायचा. माझे वडीलसुद्धा मोळी गाडीत टाकून घरी आले की मला ऐकवायचे, "बिभीषणनं गावाचं लई मोठं काम केलं." मी ताट सारून उठायचो.

ऊन वाढत गेलं तसे ट्रक अर्धे भरून यायला लागले. वस्तीची नावं येण्याआधीच चारा संपायचा. तिथली माणसं मागं उभी असायची, पुकारणं थांबलं की रिकाम्या हातानं निघून जायची. बिभीषणची आई साखराबाई त्यांच्यातच. दोन गायींवर तिचं घर चालायचं. सकाळी ती सोसायटीत दूध घालायला यायची, तेव्हा तिची किटली दिवसेंदिवस हलकी वाजायला लागली होती. एक गाय तर उठेनाशी झाली होती. आमच्या घरी मोळी रोज येत होती, त्यामुळं मला काही खटकत नव्हतं.

एका दुपारी बिभीषण चहाला गेला आणि मी त्याच्या खुर्चीत बसून त्याचा प्रोग्राम उघडला. चूक शोधायलाच उघडला होता, उगाच साळसूदपणा कशाला करू? ओळ न्‌ ओळ वाचली. रोज फाईल उघडतो, पहिल्या नावापासून वाचतो, मोळ्या संपल्या की फाईल बंद. काल कुठं थांबलो ते कुठंच ठेवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी परत विठ्ठलराव पहिले आणि मोहनराव तिसरे. खूणच नाही! मॅडमनी सांगितलं होतं, मी लिहून घेतलं होतं, हा टँकरवर विनोद करत होता. मला इतका आनंद झाला की खुर्ची एकदा गोल फिरवली.

लगेच सांगून टाकणारा मी नव्हे. दुसऱ्या दिवशी चारा संपला, वस्तीची माणसं वळली, सगळा डेपो भरलेला होता, तेव्हा मी ओरडलो, "थांबा! कॉम्प्युटर तोंड बघत न्हाई म्हणता ना? रोज पयल्यापासून सुरू होतोय त्यो. मागच्यांचा नंबर कधीच येणार न्हाई. बिभीषणला प्रोग्रामच जमलेला न्हाई!"

बिभीषण आत गेला. स्क्रीनकडं बघत राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "खरं हाय."

विठ्ठलराव भडकले. "तुला कावून कळलं न्हाई बे? तुझी स्वतःची माय रोज रिकामी जाती!"

"त्याच्यामुळंच न्हाई कळलं, चेअरमन," बिभीषण म्हणाला. माईक त्याच्या हातात तसाच चालू होता, त्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं. "आमचं नाव कायम शेवटी. शेवटाला काई पोचत न्हाई, हे ल्हानपनापासून बघतोय. त्यात चूक हाय असं वाटलंच न्हाई मला."

एवढी मोठी चूक केलेला माणूस तो, आणि लोकांचे डोळे त्याच्यासाठी भरून आले. बरोबर असलेला मी, माझ्याकडं कुणी धड बघेना.

खुर्ची मात्र मला मिळाली. विठ्ठलराव म्हणाले, "सुंदर, तू बस आत. बिभीषण, तू माईक सांभाळ." मी तिथल्या तिथं दुरुस्ती केली. जिथं थांबलो तो क्रमांक एका वेगळ्या छोट्या फाईलमध्ये ठेवायचा आणि सकाळी ती आधी वाचायची. घरी वडील जेवताना एवढंच म्हणाले, "तुला कुनी सांगितलं होतं ह्यात पडायला?"

सकाळी ट्रक आला. मी आकडा टाकला. आदल्या दिवशी गावातली शेवटची चार-दोन नावं राहिली होती, ती झाली आणि प्रिंटरनं पुढची चिठ्ठी बाहेर टाकली. मी ती खिडकीतून बिभीषणच्या हातात दिली. त्यानं बघितलं. त्या नावाला त्यानं काही जोडलं नाही.

"साखराबाई धुळाजी."

ती सवयीनं सगळ्यांच्या मागं उभी होती. लोकांनी वाट करून दिली. ती पुढं आली, मोळीला हात लावला, आणि तो काढून घेत खिडकीतून मला विचारलं, "आन मोहनराव मालकांचं झालं का, बाबा? आदी त्यांचं होऊ द्या की."

तिच्या मागं, जरा लांब, वडील रिकामी बैलगाडी घेऊन उभे होते आणि माझ्याकडं बघत होते.

"झालं, मावशी," मी म्हणालो. "त्यांचं झालं. तुमी उचला."

तिनं मोळी डोक्यावर घेतली. बिभीषणनं पुढचं नाव पुकारलं, आणि सगळा डेपो परत त्याच्याचकडं बघायला लागला.