उदेलालच्या टर्बोचं ॲव्हरेज

उदेलाल रहांगडाले कुठेही पोचला तरी गाडीतून लगेच उतरत नसे. लग्न असो, साक्षगंध म्हणजे साखरपुडा असो की तेरवी, गाडी मांडवासमोर उभी करायची, हँडब्रेक ओढायचा आणि इंजिन चालू ठेवून समोर बघत बसायचं. बायको भूमेश्वरी तोवर आत जाऊन, पाणी पिऊन, सगळ्यांची खुशाली विचारून मोकळी झालेली असे. सडक अर्जुनीच्या सुखराम मिस्त्रीने त्याला एकदा सांगितलं होतं की धावून आलेली टर्बो गाडी एकदम बंद करू नये, तिला जरा दम घेऊ द्यावा, मग चावी फिरवावी. मिस्त्रीने दम मिनिटभराचा सांगितला होता. उदेलालने तो हौसेने वाढवत नेला. मामसासऱ्याच्या तेरवीला तो असाच बसून राहिला, तेव्हा तिथल्या लोकांना वाटलं की जावयाला दुःख आवरत नाही. दोन म्हाताऱ्या खिडकीतून हात घालून त्याच्या खांद्यावर रडून गेल्या. त्याचा कान तेव्हाही इंजिनाकडेच होता.

ही गाडी त्याने २००८ साली नागपूरहून आणली होती. जुनी, लहान, टर्बो डिझेल. रंग मूळचा चंदेरी, पण गावात आल्यापासून तिच्यावर धानाचा कोंडा इतका बसला की आरटीओलाही रंग सांगता आला नसता. अशा गाडीची एक खोड असते. पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही, वाटतं तार तुटली. मग आतून बारीक शिट्टी येते आणि गाडी मागून कोणी ढकलल्यासारखी सुटते. उदेलाल त्याला ‘टर्बो उठला’ म्हणे. त्या शिट्टीवर माणसाचा जीव होता, आणि त्यात लाजण्यासारखं त्याला काही वाटत नव्हतं. शिट्टी नीट ऐकू यावी म्हणून तो गाडीत रेडिओ लावत नसे. बायकोलाही बोलू देत नसे.

खरं दुखणं इथेच होतं. गाडी फाट्यावरून गोंदियाच्या रस्त्याला लागली की भूमेश्वरी सुरू करायची, “आयकता का जी, खुशबूच्या सासूनं त्या दिशी...”

“थांब. टर्बो उठून राहिला.”

टर्बो उठायचा, तेवढ्यात पुढे ट्रक यायचा, ब्रेक लागायचा, टर्बो बसायचा. मग पुन्हा पाय, पुन्हा शिट्टी, पुन्हा “थांब”. भूमेश्वरीचं वाक्य गोरेगावच्या पुढे कधी गेलं नाही. खुशबू त्यांची लेक. तिचं लग्न होऊन चार वर्षं झाली, तरी तिच्या सासूने त्या दिवशी काय केलं हे बापाला ठाऊक नव्हतं.

उदेलालला या जगात एकच वैरी होता, तो म्हणजे त्याचा धाकटा साडू गोपीचंद पटले. गोंदियात त्याचं राइस मिलच्या पट्ट्यांचं आणि बेअरिंगचं दुकान होतं, आणि अर्धं बोलणं हिंदीत. त्याच्याकडेही लहान टर्बो डिझेलच होती, लाल, जराशी नवी, दुसऱ्या कंपनीची. दोघे भेटले की शेतीची चौकशी नाही, पोराबाळांची नाही, पान खायच्या आधी गाडीच. गोपीचंद म्हणे, “देखो साडभाऊ, असली चीज है ॲव्हरेज.” उदेलाल म्हणे, “ॲव्हरेज बैलगाडीलेबी भेटते. चढावर पिकअप दाखव.” पण चढावर लाल गाडी पुढे गेली की उदेलालला ॲव्हरेजचं महत्त्व पटायचं, आणि त्याच वेळी गोपीचंदला पिकअपचं. त्यामुळे भांडण कधी मिटत नसे.

२०१२ च्या दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, तेव्हा सगळे उदेलालच्या घरी जमले होते. जेवताना दोघांची नेहमीची सुरुवात झाली. भूमेश्वरी भात वाढता वाढता थांबली आणि शांतपणे म्हणाली, “ही गाडी इकून टाका.”

उदेलालचा घास हातातच राहिला. “काऊन?”

“डिझल पिऊन राहिली नुसती. ओमेश्वरी सांगून राहिली, त्यायची गाडी कमी पिते.”

ओमेश्वरी म्हणजे तिची धाकटी बहीण, गोपीचंदची बायको. तिने मान डोलावली. गाडी किती पिते याच्याशी भूमेश्वरीला काडीचं घेणं नव्हतं. सवतीला घराबाहेर काढायला काहीतरी कारण लागतं, तसं तिने ते काढलं होतं. उदेलालला हे कळायला हवं होतं, पण त्याला फक्त गाडीचा अपमान ऐकू आला.

“लावा पैज,” तो म्हणाला.

“लावा. हारली त इकायची. जितली त मी जिनगीभर तिचं नाव नाई काढनार.”

उदेलालने सगळ्यांसमोर हो म्हटलं. हात धुवायच्या निमित्ताने तो अंगणात गेला आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. तिच्याशिवाय सकाळ कशी जाईल हे त्याला सुचेना.

पैजेचे नियम साडूंनी मिळून केले, म्हणजे एकमेकांवरच्या संशयातून केले. दोन्ही टाक्या रिकाम्या करायच्या. डिझेल एकाच ड्रममधून घ्यायचं. प्रत्येकी तीन मापं ओतायची आणि हायवेने रायपूरच्या दिशेने निघायचं. जी गाडी आधी कोरडी पडेल ती हरली. वाटेत कोणी चोरून ओतू नये म्हणून उदेलालचा जादा डबा गोपीचंदच्या गाडीत आणि गोपीचंदचा उदेलालच्या; जो आधी थांबेल त्याने दुसरा परत येईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही. माप कोण घालणार यावर बराच वाद झाला आणि अखेर दोघांनाही मान्य असा एकच माणूस निघाला. सेवकराम मापारी. त्याने पंचक्रोशीच्या खळ्यांवर जन्मभर धान मोजलं होतं आणि त्याच्या मापावर कोणी कधी बोट ठेवलं नव्हतं.

सेवकराम रविवारी आंघोळ करून आला. ड्रमला हात जोडले. पितळी माप बुडवून काढलं आणि सवयीने त्यावर धानासारखी शीग लावायला गेला. डिझेलला शीग काही लागेना. त्याने दोनदा प्रयत्न केला आणि नाराज होऊन पुटपुटला, “हा माल बरोबर नाई.” मग मोठा साडू म्हणून आधी उदेलालच्या टाकीत नरसाळं लावलं आणि खळ्यावरच्या चालीत मोजू लागला, “लाभ... एक... दोन... तीन.” मग लाल गाडीकडे वळला, “एक... दोन... तीन.”

वाचणाऱ्याला इथे काही खटकलं असेल. तिथे उभ्या असलेल्या कोणालाही खटकलं नाही.

गाड्या निघाल्या. मासुलकशाच्या घाटात लाल गाडी पुढे होती, देवरीपर्यंतही पुढेच होती, मग हळूच डावीकडे घेऊन थांबली. गोपीचंद खाली उतरून चाकाला लाथ मारताना उदेलालने आरशात पाहिला. स्वतः तो चालतच राहिला. राज्याची सीमा आली, गेली, पाट्या हिंदी झाल्या, तरी गाडी थांबेना. उदेलाल आनंदाने एकटाच मोठ्यांदा हसत छत्तीसगडात शिरला. अखेर ती कोरडी पडली तेव्हा त्याने गोपीचंदचा डबा ओतला, इंजिनाचा छोटा हातपंप मारमारून डिझेलच्या पाइपातली हवा काढली आणि परत फिरला. तोपर्यंत गोपीचंद एका पळसाखाली बसून निम्मी दुपार मुंग्या बघत होता.

पुढचे काही दिवस उदेलालने गावाला जगू दिलं नाही. लिटरला किती गेली हा आकडा त्याने किराणा दुकानात सांगितला, ग्रामसेवकाला सांगितला, पशुवैद्य म्हैस तपासत असताना त्यालाही सांगितला. भूमेश्वरी बोलल्या शब्दाला जागली आणि गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही.

मग त्याच्याच खळ्यावर धान मोजायला सेवकराम आला. राशीला हात जोडले, पहिलं माप भरलं आणि म्हणाला, “लाभ.” मग दुसरं भरलं आणि म्हणाला, “एक.”

पोतं धरलेला उदेलाल तसाच राहिला. राशीचं पहिलं माप लक्ष्मीचं. ते लाभ म्हणून टाकायचं, मोजायचं नाही. हे तो लहानपणापासून ऐकत आला होता, इतकं की ते त्याच्या कानाला ऐकूच येत नसे. त्याने पोतं सोडलं. सांडलेल्या धानाकडे न बघता त्याने विचारलं, “कावो सेवकरामबुवा, त्या दिशी डिझलातबी लाभ टाकला होता का?”

“त मंग? रास म्हंटली का लाभ आला.”

“अन् गोपीचंदच्या गाडीत?”

“एका राशीले दोन लाभ कसे टाकू?” सेवकरामने त्याच्याकडे अडाण्याकडे बघावं तसं पाहिलं.

ही गोष्ट आता जगात फक्त उदेलालला कळली होती, कारण सेवकरामच्या मते त्यात कळण्यासारखं काही नव्हतंच. गप्प बसला असता तर गाडी वाचत होती. साडूला फसवल्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. पण त्याच्या गाडीचा आकडा खोटा होता, हे त्याला सहन होईना. लोक रस्त्यात थांबवून आदराने ॲव्हरेज विचारायचे आणि त्याचा चेहरा पडायचा. अखेर जेवताना त्याने भूमेश्वरीला सगळं सांगून टाकलं आणि गोपीचंदला फोन लावला.

गोपीचंद त्याच दुपारी ओमेश्वरीला घेऊन हजर झाला. “मतलब मैं जीता,” तो म्हणाला. सेवकरामला बोलावण्यात आलं. तो भयंकर रागावला.

“जे मोजलंच नाई, ते जास्त कसं झालं?” त्याचा सवाल होता. यावर गोंदियाच्या बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारा गोपीचंद बोटांवर मापं मोजू लागला. मग त्याने आपल्याही गाडीत लाभ टाकावा अशी मागणी केली. सेवकराम म्हणाला, रास वेगळी करा, मग टाकतो. शेवटी दोन ड्रम आणायचं ठरलं, दोघांना दोन स्वतंत्र लाभ आणि वर दोन-दोन मापं, म्हणजे लाभ धरून तीन. भूमेश्वरी पदर खोचत म्हणाली, “आता मी सोता बसते गाडीत. मले डोयानं पायजे.” मग ओमेश्वरीही आपल्या नवऱ्याच्या शेजारी बसली.

या वेळी उदेलाल फार जपून चालवत होता. डिझेल वाचवायचं तर पाय हलका हवा, आणि पाय हलका ठेवला की टर्बो उठत नाही. मासुलकशाच्या घाटातसुद्धा त्याने शिट्टी येऊ दिली नाही. त्याचा जीव तीळतीळ तुटत होता. भूमेश्वरीने त्याच्याकडे पाहिलं आणि खुशबूच्या सासूचं परत पुढे ढकललं.

देवरी मागे पडली आणि थोड्याच वेळात गाडीने दोन आचके दिले. इंजिन बंद पडलं. लाल गाडी हॉर्न वाजवत शेजारून गेली, गोपीचंदने हात हलवला, आणि उदेलालचा डबा त्याच्या डिकीत बसून छत्तीसगडाकडे निघून गेला.

नवराबायको रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावर बसले. उदेलालचे डोळे भरून आले होते आणि त्याने ते लपवले नाहीत. भूमेश्वरीने त्याला रडू दिलं. ट्रक जात होते, मध्येच सगळं शांत होत होतं. गाडीचा आवाज नाही आणि दुसरं करण्यासारखं काही नाही, अशी वेळ उदेलालवर बऱ्याच वर्षांनी आली होती. जरा वेळाने नाक पुसून, काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, “त्या खुशबूच्या सासूनं काय केलं होतं म्हणे?”

भूमेश्वरीने आधी खात्री करून घेतली की हा माणूस खरंच विचारून राहिला आहे. मग ती वळून नीट बसली.

“साक्षगंधाच्या दिशी तुमी गाडीतून उतरून नाई राहिले. तिले वाटलं इवाई रुसला, पोरीचा बाप. बिचारी अशी भेली का इचारू नका. घरात एक शेला होताच तुमच्यासाठी, तरी तिनं माणूस धाडून दुकानातून दुसरा आनला. म्हनून तुमाले दोन शेले भेटले.”

उदेलाल तिच्याकडे बघतच राहिला. ते दोन शेले त्याने चार वर्षं गावभर मिरवले होते. आपला मानच तेवढा मोठा, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. त्याला आधी घाम फुटला, मग हसू फुटलं, आणि मग ते काही केल्या थांबेना. हसताना तो कठड्यावरून मागे पडता पडता राहिला, भूमेश्वरीने त्याचा सदरा धरला आणि तीही हसू लागली. मग तिने पुढचं काढलं. जावयाचं, नातवाचं, ओमेश्वरी बाजारात काय बोलली त्याचं. प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या टर्बोखाली अर्धी राहिलेली होती. उदेलाल मध्ये मध्ये “मंग?” म्हणत होता. ऊन कलत गेलं तरी दोघांपैकी कोणी रस्त्याकडे पाहिलं नाही.

बऱ्याच उशिरा लाल गाडी दिसली. गोपीचंद खिडकीतून डबा बाहेर काढून नाचवत येत होता. उदेलाल उठला, धोतर झटकलं आणि चंदेरी गाडीच्या दारावर एकदा हात फिरवला.

“हारलो,” तो म्हणाला. “उद्याच सुखराम मिस्त्रीले गिऱ्हाईक पाहाले सांगतो.”

“कायले?” भूमेश्वरी म्हणाली. “राहू द्या गाडी. डिझल मात्र असंच मोजून टाकत जा.”