बाळंतिणीचं पाणी

"पाणी मागू नको. वात होईल," असं म्हणत आत्याबाईंनी खिडकी लावून घेतली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मुलगी आदल्या दिवशी जन्मली होती. बाजेखाली शेगडी होती, आणि माझ्या घशाला कोरड पडली होती.

निजामाच्या राज्यात मी गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. आमच्या डॉक्टरीणबाई मला आसपासच्या गावांत ड्यूटीवर पाठवत. घरोघरी मी सांगे, बाळंतिणीला उकळून गार केलेलं पाणी भरपूर द्या, खोलीत हवा येऊ द्या. पाण्यावाचून दूध आटतं. बायका मान डोलवत आणि माझी पाठ फिरली की खिडक्या लावत. एक पाटलीणबाई तर तोंडावर म्हणाल्या, "नर्सबाई, तुमचं बाळंतपण होऊ द्या. तुमी पिलात तर आमी पाजू." त्यांच्या सुनेलाही दिवस गेले होते. मागच्या बाळंतपणात ती पाण्यासाठी तळमळताना मी पाहिली होती.

आत्याबाईंचा माझ्यावर जीव होता. पहाटेपासून माझंच करत होत्या. त्यांची थोरली लेक बाळंतपणात गेली, तेव्हापासून त्या धास्तावलेल्या. त्यामुळे मला आवाज चढवता येईना.

मी हळूच म्हणाले, "आत्याबाई, मीच नाही प्यायले, तर पाटलिणीच्या सुनेला कोण पाजणार?"

 आत्याबाई म्हणाल्या, "माजी लेक लय पाणी मागायली होती. मी दिलं न्हाई."

त्या उठल्या. बाजेखालची शेगडी ओढून तिच्यावर पातेलं ठेवलं. पाणी उकळून गार होईपर्यंत तिथंच बसून राहिल्या. पेला स्वतः माझ्या तोंडाला लावला. 

पाचवीच्या दिवशी पाटलीणबाई बाळंतविडा घेऊन आल्या. उघडी खिडकी बघून थबकल्या.

"पाणी पेली?" त्यांनी आत्याबाईंना विचारलं.

"मीच पाजायलेय रोज," आत्याबाई म्हणाल्या. "ताप हाय का, हात लावून बघा."

पाटलीणबाईंनी खरंच माझ्या कपाळाला हात लावला. बाळाकडं बघितलं. बाळंतविडा बाजेवर ठेवून गेल्या.

ड्यूटीवर परतल्यावर मी त्यांच्या गावी गेले. सून बाळंत झाली होती. पाटलीणबाई तिला पाणी पाजत होत्या. "पी माय, भिऊ नको. नर्सबाईच्या सासूनंबी पाजलंय."

माझ्या ट्रेनिंगचं नावही कुणी काढलं नाही. तेव्हापासून दुसऱ्याच्या घरी काही सांगायचं झालं, की ते आधी आपल्या घरी चालतं का, एवढं मी बघत आले.