किटली खाली!

शास्त्रज्ञांना साध्या माणसांशी बोलायला शिकवायचं, एवढंच माझं काम. शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं, निवृत्त झालो आणि लातूरच्या एका शेती संशोधन केंद्रानं बोलावलं. म्हटलं, चार दिवसांत उरकेल. कसलं काय! आता किस्से इतके साठलेत की लग्नाच्या पंगतीत बसलो तरी लोक वाढप्याला थांबवून म्हणतात, "गुरुजी, आधी तो लाईटवाला सांगा!"

* * *

पहिल्या दिवशी किडींचे तज्ज्ञ देशमुख सर उभे राहिले. छप्पन्न स्लाइड! मी झोपेशी झुंजत होतो. तेवढ्यात कॅन्टीनच्या मंगलमावशी चहाची किटली घेऊन आल्या आणि ऐकत थांबल्या.

संपल्यावर मी विचारलं, "मावशी, काय समजलं?"

"समजलं की. सायबाला पाणी पायजे!"

झालं, त्या दिवसापासून नियम ठरला. मावशींनी किटली हातात धरून ऐकायचं. समजेनासं झालं की किटली टेबलावर आदळायची. मग समजेल असं सांगितल्याशिवाय कुणालाच चहा नाही! पहिला आठवडाभर आख्खं केंद्र चहावाचून तळमळत होतं.

* * *

दुसरा नियम माझा. ज्या शब्दाचा अर्थ आपल्या आईला समजावून सांगावा लागेल, तो शब्द बंद.

देशमुख सर उभे राहिले, "नमस्कार" म्हणाले आणि खाली बसले.

"सर, पुढं?"

"पुढचे सगळे शब्द बंद झाले, गुरुजी!"

* * *

बिलोलीच्या शेतकरी मेळाव्यात मात्र सर चांगले रंगात आले होते. फवारणी कधी करायची ते सांगताना म्हणाले, "हे मी पंच्याण्णव टक्के खात्रीनं सांगतो."

मागून एका शेतकऱ्यानं हात वर केला. "आन् राहिलेले पाच टक्के कुणाच्या रानात टाकणार, सायब?"

परतीच्या वाटेवर सर गाडीत त्या पाच टक्क्यांचाच हिशोब मांडत बसले.

* * *

आता तो लाईटवाला. नांदेडजवळच्या एका गावात पडदा लावला, मशीन सुरू केलं आणि पहिल्याच स्लाइडला लाईट गेली. सर घामाघूम! शेवटी दारातल्या उजेडात येऊन समोरच्या शेतकऱ्याच्या हातातली तुरीची शेंग घेतली, सोलली, आतली अळी तळहातावर ठेवली आणि बोलायला लागले. तासभर! म्हातारी माणसं चष्मे सावरत पुढं सरकली. मी तर हरखूनच गेलो होतो.

तेवढ्यात लाईट आली. मागून आरडाओरडा झाला, "बंद करा रे ती लाईट! सायब आत्ता कुठं बोलायला लागलेत!"

* * *

आणि राजश्री बिराजदार. केंद्रातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घाबरट मुलगी. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींवर तिची पीएचडी. एकदा मला म्हणाली, "गुरुजी, बाकी कुणाला समजलं न्हाई तरी चालंल. आप्पांना समजायला पायजे."

आप्पा म्हणजे तिचे वडील, शिरूर अनंतपाळजवळचे शेतकरी. गावात कुणी विचारलं, "आप्पा, पोरगी काय करती?" की ते म्हणायचे, "असती लातूरला," आणि विषय बदलायचे. तिच्या कामातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि विचारायचा संकोच वाटायचा. ऐकून मलाच वाईट वाटलं.

वर्गात तिनं सुरुवात केली, "सहजीवी नत्र स्थिरीकरण..."

धाड! किटली खाली.

अकरा वेळा आदळली. बाराव्या वेळी राजश्री तणतणत बाहेर गेली आणि सोयाबीनचं झाड मुळासकट खणून घेऊन आली. "मावशी, ह्या गाठी बघा. ह्यांच्यात बारीक जिवाणू राहतात. झाड त्यांना जेवू घालतं, ते झाडाला हवेतून खत करून देतात."

"मग सरळ म्हण की, झाडानं सालगडी ठेवलेत!"

पहिला कप मावशींनी तिलाच दिला. मी टाळ्या वाजवल्या!

* * *

मग तिच्याच गावात शेतकरी मेळावा ठरला. मावशींना किटलीसकट जीपमध्ये घालून नेलं. मांडवात पहिल्या रांगेत आप्पा. मावशींनी त्यांना नियम समजावला आणि किटली त्यांच्याच हातात दिली. राजश्रीचा चेहरा पांढराफटक पडला.

पण बोलली हो पोरगी! झाड दाखवलं, सालगडी सांगितले. "ह्या गाठी म्हणजे रोग न्हाई," म्हणाली आणि ब्लेडनं एक गाठ कापली. आतून लाल! "लाल दिसली की समजायचं, गडी कामावर हाय." माणसं हसली, गाठी हातोहात फिरल्या. आप्पा मात्र किटली धरून नुसते तिच्याकडं बघत होते.

तिनं हात जोडले आणि "धन्यवाद" म्हणाली.

धाड! किटली खाली.

राजश्रीचे डोळे भरून आले. "आप्पा... काय समजलं न्हाई?"

आप्पा उभे राहिले. मागं वळून आख्ख्या गावावर एकदा नजर फिरवली.

"समजलं की सगळं," ते म्हणाले. "पुन्हा एकदा सांग."